हवा नव्हे, दम

वाशिमच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा माझं नाव दोन गोष्टींसाठी निघायचं. ज्या हातात शीर सापडत नाही त्या हातात माझी सुई नेमकी लागायची, आणि माझं तोंड त्या सुईहून तिखट होतं. "त्या सिस्टरपाशी जपून राहा वं, लय दम देते," असं जुन्या पेशंट बाया नव्यांना सांगायच्या. दम देते, म्हणजे रागावते, धाक घालते. मला त्याचं वाईट वाटत नसे. माझी आईच म्हणायची, "तुले पाह्यलं का पेशंट भेवानंच बरा होत असन."

पण सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यानंतर आमच्या वॉर्डात 'दम देणे' या शब्दांना दुसराच अर्थ चिकटला. तो माझी बदली होईपर्यंत सुटला नाही, आणि मलाही तो सुटायला नको होता.

माझं माहेर अनसिंगचं. घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी परकरात होते. शिकायचं आणि पगाराची नोकरी धरायची, हे आमच्या घरात तेव्हापासून ठरूनच गेलं होतं. अकोल्याला नर्सिंग शिकले आणि नोकरी लागली ती घराजवळ, वाशिमला. दवाखाना कौलारू. ऑपरेशनची खोली एकच, डॉक्टरही एकच. ते पुण्याकडचे होते. तरुण, हाडकुळे, आणि इतके सभ्य की ड्रेसिंग करताना पेशंटची आधी माफी मागायचे. आमची भाषा त्यांना अर्धीच कळायची. उरलेली अर्धी मी त्यांना समजावून द्यायची.

ऑक्सिजनचं सिलिंडर अकोल्याहून यायचं. काळं, जड, माणसाच्या खांद्याला लागेल एवढं उंच. ते फरशीवरून गरागरा ढकलत नेऊ लागलं की वॉर्डातल्या बाया पदर तोंडाशी न्यायच्या. नळी लागली म्हणजे माणूस संपला, अशीच सगळ्यांची समजूत. तसा त्यात त्यांचा दोष नव्हता. लोक दवाखान्यात येतच इतक्या उशिरा की नळी लागलेलं माणूस बहुतेक वेळा जायचंच. सिलिंडर दिसलं की एखादी म्हातारी रडायला सुरुवात करायची आणि पेशंट त्या रडण्यानंच अर्धा व्हायचा. म्हणून डॉक्टरांनी ठरवलं होतं, ऑक्सिजन हा शब्द नातेवाइकांसमोर काढायचाच नाही. सोप्या शब्दांत सांगायचं.

त्या सोप्या शब्दानंच सगळा घोळ केला.

वैशाखातली गोष्ट. आसेगावकडच्या एका खेड्यातून एक पोरगी आणली. पहिलं बाळंतपण, आणि अडलेली. शेतकरी घरातली. सडकेपर्यंत बैलगाडी, पुढे एसटी, असं करत पोचेपर्यंत तिच्यात काही उरलं नव्हतं. सोबत नवरा आणि तिची आई. डॉक्टरांनी सिझेरियन केलं. बाळ, मुलगी, चांगलं ठणठणीत रडलं. पण आईचं रक्त फार गेलं होतं. खाटेवर आणलं तेव्हा ओठ खडूसारखे पांढरे, नखं निळसर, आणि श्वास वरचेवर, भात्यासारखा. डॉक्टरांनी सिलिंडर लावायला सांगितलं. मी नाकात रबरी नळी सरकवली, गालावर चिकटपट्टी लावली, आणि रक्ताची सोय करायला पळाले.

माझ्या माघारी डॉक्टर पोरीच्या आईजवळ गेले आणि फार प्रेमानं म्हणाले, "आजी, घाबरू नका. तुमच्या मुलीला आम्ही हवा लावतो आहोत. हवा लागली की तिला बरं वाटेल."

ज्यांना हे वाचून काही वाटलं नाही, त्यांनी वऱ्हाडात बाळंतपण पाहिलेलं नाही. आमच्याकडे ओल्या बाळंतिणीला सगळ्यात जपायचं ते हवेपासून. कान बांधायचे, डोकं गुंडाळायचं, दारं-खिडक्या लावायच्या, खाटेखाली शेगडी ठेवायची. 'हवा लागली' म्हणजे ताप चढला, झटके आले, बाई गेली. आणि इथे एक शिकलेला माणूस हात जोडून सांगत होता की तुमच्या पोरीला आम्ही मुद्दाम, नळीनं, नाकातून हवा लावतो.

मी परत आले तर वॉर्डात अंधार. बाहेर उन्हाचा नुसता जाळ, आणि त्या खाटेजवळच्या खिडक्या गच्च बंद. पोरीच्या डोक्याला, कानांना लुगड्याची पट्टी आवळून बांधलेली. अंगावर गोधडी, हनुवटीपर्यंत. आणि माझी नळी? नळी खाटेच्या दांडीवर लोंबत होती आणि फुसफुसत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "हे कोणं काढलं?"

"मी काढलं," आई म्हणाली. बारीक चणीची, सावळी, कपाळावर मोठं कुंकू. आवाज अजिबात चढलेला नाही.

"काहून? पोरीचा जीव घ्याचा हाये का तुमाले?"

"तुमाले घ्याचा हाये का?" ती म्हणाली. "शिकल्या-सवरल्या बाया तुमी. ओल्या बाळंतिणीले हवा लावता? तुमच्या मायनं तुमाले हे शिकवलं?"

मी नळी उचलायला गेले. तिनं ती आधी उचलली आणि मुठीत धरली. शेतात काम केलेली मूठ, ती सुटणार कशी! मी ओढते, ती ओढते, आणि मधे खाटेवर तिची लेक तोंड उघडून श्वासामागे धावते आहे. वॉर्डातल्या साऱ्या बाया बघत होत्या. मला माहीत होतं, तिच्या हातून नळी हिसकावून लावली तरी मी पाठ फिरवताच ती पुन्हा काढणार. माझी ड्युटी कधीतरी संपणार होती, तिची संपणार नव्हती.

"बाई," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "माही थोरली हवा लागूनच गेली. अशीच ओली होती. आता हे एकच राह्यली."

माझा हात ढिला पडला. तोंडाशी आलेलं सगळं तिखट तिथेच राहिलं. हिला अडाणी म्हणून ओरडून काय होणार होतं? ती तर मी जे करत होते तेच करत होती. लेकीला वाचवत होती.

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "मावशी, पोरीले काय होऊन राह्यलं, सांगा बरं."

"दिसते नाई का? दम लागून राह्यला तिले."

"मंग? ज्याच्यापाशी दम नाई, त्याले कोणं तरी दम देल्ला पाह्यजे का नाई?"

तिची नजर सिलिंडरकडे गेली.

"याच्यात हवा नाई, मावशी," मी सिलिंडरवर थाप मारली. "हवा कोणी टाकीत भरते का? हवा तं बाहेर फुकट पडली हाये. फुकटची वस्तू अकोल्याहून कोण आणन? हा दम हाये. आपला सोताचा तिले पुरत नाई, म्हून वरतून देऊन राह्यलो."

"हवा नोहे?"

"नोहे."

तिनं नळीचं टोक आपल्या गालाजवळ नेलं. "थंडा लागते."

"टाकीले लावलेल्या बाटलीतल्या पाण्यातून येते म्हून. पाहा, बुडबुडे येऊन राह्यले."

तिनं बाटलीकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं. मग मूठ उघडली. मी नळी पुन्हा बसवली. कान बांधलेलेच राहू दिले, खिडक्याही बंदच. गोधडी तेवढी छातीखाली ओढली. "तुमचं बांधणं तुमच्यापाशी, माही नळी माह्यापाशी," मी म्हटलं, "दोघीबी एकमेकीच्या वस्तूले हात लावाचा नाई." ती हो म्हणाली.

डॉक्टरांना मी बाहेर व्हरांड्यात गाठून त्यांच्या सोप्या शब्दाचा अर्थ सांगितला. बिचारे कपाळाला हात लावून उभे राहिले.

पण नुसत्या नळीनं भागणार नव्हतं. बराच वेळ झाला तरी नखांचा निळेपणा हटेना. डॉक्टर पोरीच्या नवऱ्याला शरीरातल्या रक्ताचं काम समजावायला लागले. तो मान हलवत होता, पण त्याच्या डोळ्यांत काही उतरत नव्हतं. शेवटी मीच मधे पडले. "हे पाहा भाऊ, मार्केटात कापूस येऊन पडला, अन् न्यायले गाड्याच नाईत. तं कापूस घरोघर पोचन काय? दम आला आपल्यापाशी, टाकी भरून आला. पण अंगात त्याले वाहून न्याले रक्त पाह्यजे. तिच्या अंगातल्या गाड्याच कमी पडून राह्यल्या."

गाडी म्हटल्यावर त्याला कळलं. तरी तो घाबरलाच. रक्त दिलं की माणूस जन्माचा खचतो, वखर धरण्याजोगा राहत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो सासूकडे बघायला लागला.

"द्या बाप्पा जावाईबुवा," ती म्हणाली. "मी देत होतो, पण डॉक्टर म्हणते म्हातारीचं पातळ झालं."

त्याचं रक्त जुळलं. मागून गावाहून आलेल्या त्याच्या भावाचंही जुळलं. रक्ताची बाटली टांगली, थेंब थेंब उतरायला लागलं. मी पोरीचं नख माझ्या अंगठ्याखाली दाबून सोडायची आणि रंग परत येतो का बघायची. आधी येत नव्हता. मग उशिरा यायला लागला. मग लवकर. त्या नखाखाली गुलाबी रंग आलेला पाहून मला जे वाटलं, तसं पुढे माझ्या मुलाच्या लग्नातही वाटलं नाही. हे सुनेनं वाचलं तर रागावेल, पण खरं ते खरं. जावईबुवा मात्र व्हरांड्यातल्या बाकावर आडवे होऊन, आपण जन्माचे खचलो का, ते तपासत पडले होते.

त्या मावशीला मी एक काम देऊन ठेवलं. म्हटलं, "टाकीच्या बाटलीतल्या बुडबुड्यांवर ध्यान ठेवजा. जोवर बुडबुडे तोवर दम पोचून राह्यला. थांबले का मले हाक मारा." मला वाटलं, हाताला काम असलं की तिची काळजी कमी होईल. तिनं ते काम असं घेतलं की विचारू नका. नातीला मांडीवर घेऊन ती खाटेजवळ फरशीवर बसली आणि तिनं नजर बाटलीला लावली. जेवताना घास तोंडात, डोळे बाटलीत. कोणी पाहुणा आला आणि मधे उभा राहिला, तर त्याच्या पायावर चापट. "सरका बाजूले. दम दिसत नाई मले." आजूबाजूच्या खाटांवरच्या बायाही तिथूनच सिलिंडरला 'दमाची टाकी' म्हणायला लागल्या.

पोरीला थोडी शुद्ध आली, तसा दुसरा त्रास सुरू झाला. टाके दुखतात म्हणून ती खोल श्वासच घेईना. नुसता वरवर, कंजूस श्वास. डॉक्टर म्हणाले, अशानं छाती भरेल, फुफ्फुसात कफ साचेल, हिला उठवून बसवा, जोरात फुंकायला लावा. मी रागावले, गोंजारलं, दोन्ही करून झालं. ती हळूच ओठांचा चंबू करायची आणि थांबायची. तिच्या आईनं हे बघितलं. दवाखान्याच्या मागच्या आवारात नातेवाईक तीन दगडांच्या चुलीवर रांधत. तिथून ती तरातरा चुलीची लोखंडी फुंकणी घेऊन आली. मी ती पाण्यात उकळून दिली. आईनं उशी लेकीच्या पोटावर दाबून धरली, फुंकणीचं एक टोक तिच्या तोंडाशी दिलं आणि दुसऱ्या टोकासमोर आपला तळहात धरला.

"फुक."

पोरीनं फुंकलं.

"इतल्यानं विस्तव पेटन का? सासरी काय उपाशी ठेवतं सगळ्याईले? फुक!"

पोरीला हसू आलं, हसल्यानं टाके दुखले, दुखल्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं फुंकलं. दर थोड्या वेळानं हा कार्यक्रम चालायचा. जावईबुवाही येऊन तळहात पुढे करायचे आणि सासूची नजर चुकवून म्हणायचे, "लागलं, लागलं. जोरात लागलं." डॉक्टर दाराशी उभं राहून बघायचे आणि निघून जायचे.

मग ती दुपार आली. मावशी मागे पेज करायला गेली होती. डॉक्टरांनी पोरीला तपासलं. नखं गुलाबी, नाडी शांत. ते मला म्हणाले, "बंद करून पाहू या. तिचं तिला जमतंय का बघा." मी सिलिंडरची चावी फिरवली, नळी काढली, आणि नाडीवर बोट ठेवून तिथेच उभी राहिले. पोरीला गाढ झोप लागली होती. श्वास सावकाश, खोल. मला इतकं बरं वाटत होतं की मी मावशीच्या येण्याची वाटच बघत होते.

ती आली. हातात पेजेची जर्मन धातूची वाटी. सवयीनं तिची नजर आधी बाटलीकडे गेली. पाणी निश्चल. एकही बुडबुडा नाही.

वाटी हातातून सुटली आणि ठणठणत फरशीवर पडली. ती ओरडली नाही. उभ्या जागी खाली बसली, तोंड उघडं आणि आवाज नाही. मी "मावशी, मावशी" म्हणत पुढे झाले, पण माझं तिला ऐकू जात नव्हतं.

वाटीच्या आवाजानं पोरीनं डोळे उघडले. "माय, काय सांडलं वं? पेज होती का? मले लय भूक लागली."

इतके दिवस ती एका शब्दानंतर थांबत होती. हे सगळं ती एका दमात बोलली.

मी खाली वाकून मावशीचे खांदे धरले. "टाकी मीच बंद केली. आता तिचा दम तिले पुरते."

"माहाच गेला होता, बाई," ती म्हणाली. "दम माहाच गेला होता."

"मंग खा थोडा दम," मी म्हटलं. मग मी त्या सांडलेल्या पेजेतच तिच्याजवळ बसले आणि रडले. पांढऱ्याशुभ्र साडीची पार वाट लागली. साऱ्या वॉर्डाला दम देणारी बाई रडते आहे, हे बघायला बाया खाटांवर उठून बसल्या होत्या. बसू देत म्हटलं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी मी टेबलापाशी गॉजच्या घड्या घालत होते. मावशी येऊन शेजारी बसली. दोन घड्या तिनंही घातल्या, माझ्याहून नीट. उकाडा मरणाचा. तिच्या लेकीच्या खाटेजवळच्या खिडक्या अजून बंदच होत्या, कानही बांधलेलेच. मी आमचा करार पाळला होता.

"बाई, एक इचारू?"

"इचारा."

"थोरलीच्या येळचं," ती म्हणाली आणि आणखी एक घडी उचलली. मग घडीकडेच बघत बोलली. "घरीच झाली होती ते. असाच वैशाख होता. तिले ताप होता, अंग भट्टीवानी. माय, खिडकी उघड, खिडकी उघड, असं लावून धरलं तिनं. सारे नोको म्हणे. मी उघडली. मंग तिले हवा लागली." हात थांबला. "मायनंच मारलं, असं म्हणे गावातले. तोंडावर नाई म्हणे कोणी."

मी विचारलं, "मावशी, ताप खिडकी उघडाच्या आंधी होता का मंग आला?"

"आंधीच. तापानंच तं गरम होऊन राह्यलं होतं."

"मंग जो ताप आंधीच होता, तो खिडकीतून कसा आला?"

मी सांगितलं की बाळंतपणात अंगात घाण गेली की पोटात पिकतं, त्याचा ताप चढतो, आणि त्या काळी तिच्या गावात त्यावर कोणाकडेच औषध नव्हतं. "त्या तापानं नेलं तिले, मावशी. तुमी नाई. खिडकीनं नाई."

तिनं हातातली घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली, आणि उठून लेकीच्या खाटेजवळ गेली. लेक बाळाला पाजत होती. मावशीनं खिडकीची कडी धरली. कडी गंजलेली, निघेना. मी जाऊन हात लावला. दोघींनी मिळून ढकललं, तशी झडप उघडली आणि बाहेरचा वारा आत आला. गरमच होता, पण वारा होता. लेकीनं मान वर केली आणि कानाची पट्टी जरा मागे सारली. आईनं सारू दिली.

मावशी तशीच खिडकीत उभी राहिली, गजाला धरून.

"लय गरम होऊन राह्यलं होतं तिले," ती म्हणाली. "म्हून उघडली होती."

"बरं केलं, मावशी," मी म्हटलं.